बो पॅरिशमधलं बोर्दो

हम्फ्री पास्कला बो पॅरिशची शीव डोळे मिटून सांगता येत असे, आणि ही विद्या त्याच्या डोक्यात नव्हती, बुडात होती. दरवर्षी येशूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी सगळी पॅरिश, म्हणजे बो चर्चच्या हद्दीतली वस्ती, शिवेची फेरी काढत असे. पुढे पाद्री, मागे सोललेल्या काठ्या घेतलेली मंडळी. शिवेचा दगड आला की एखाद्या पोराला उचलायचं आणि त्याचं बूड दगडावर दणकन आपटायचं. हेतू एवढाच, की पोरगं म्हातारं झालं तरी शीव विसरू नये. हम्फ्री लहानपणी चांगला गुबगुबीत होता. आपटला की आवाज छान यायचा, म्हणून मंडळी हटकून त्यालाच पकडत.

त्या आपटण्याचं पुढे सार्थक झालं. आता पन्नाशी ओलांडल्यावर चीपसाइडच्या नाक्यावर त्याचं पॅटिसचं दुकान होतं, ऑड्रीसारखी खमकी बायको होती, आणि फेरीच्या पुढे काठी घेऊन चालण्याचा मान त्याच्याकडे होता. दोन शेजारी गटारावरून भांडले तर हम्फ्री येई, भिंतीकडे बघे, नकळत मागे हात नेऊन बूड चोळे आणि सांगे, "शीव इथून जाते." त्याच्यापुढे कुणी बोलत नसे.

अशा माणसाला वसंतातल्या एका सकाळी गिल्डहॉलमध्ये ज्यूरीला बसवलं, आणि तिथे घोडं अडलं.

दावा होता थॉमसिन रडॉक नावाच्या विधवेचा. बाई वॉपिंगच्या, नदीकाठच्या. त्यांचा नवरा रॉजर दारूची पिंपं बांधायचा. फ्रान्समध्ये बोर्दोला द्राक्षाच्या हंगामात पिंपांचं काम भरपूर, म्हणून तो सिल्व्हेस्टर कॉबच्या जहाजावरून तिकडे गेला आणि तापाने तिथेच गेला. मरताना त्याने आपली हत्यारांची पेटी कॉबच्या ताब्यात दिली. कॉब परत आला, पेटीही आली, पण ती आली कॉबच्या घरी. पेटी रॉजरने मरताना मला भेट दिली, असं त्याचं म्हणणं. नवऱ्याच्या मागे धंदा चालवायची मुभा पिंपवाल्यांची पंचायत विधवेला देत असे. थॉमसिनबाई स्वतः पिंपाला कड्या ठोकायच्या, आणि चांगल्या ठोकायच्या. पण हत्यारं नसतील तर दुकान दुसऱ्याला जाणार, हे पंचायतीने बजावून सांगितलं होतं. म्हणजे पेटी गेली की दुकान गेलं आणि दुकान गेलं की बाई रस्त्यावर.

इतकं सगळं हम्फ्रीला समजलं आणि पटलंही. मग कोर्टाचा कारकून दावा वाचायला उभा राहिला.

"सदर रॉजर रडॉक याने बोर्दो येथे, म्हणजेच लंडन शहरातील चीप वॉर्डातल्या बो पॅरिशमध्ये, सदर सिल्व्हेस्टर कॉब याच्या हाती एक पेटी..."

हम्फ्रीने कान टवकारले. मग हात वर केला.

"माफ करा महाराज," तो न्यायाधीशांना म्हणाला, "त्यांची वाचण्यात काहीतरी चूक होतेय."

"काही चूक होत नाहीये," न्यायाधीश म्हणाले.

"अहो, पण बोर्दो आमच्या पॅरिशमध्ये नाही."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश थकल्यासारखे हसले. "तसं लिहायची पद्धत आहे. परदेशात घडलेली गोष्ट या कोर्टापुढे आणायची तर ती लंडनमध्ये घडली असं लिहावं लागतं. त्यावर कुणी वाद घालत नाही. कॉबचे वकीलसुद्धा घालत नाहीत. खाली बसा."

कॉबचे वकील खरंच वाद घालत नव्हते. वकील लोकांचं हे असं असतं. अख्खं फ्रान्स उचलून आपल्या परसात आणून ठेवलं तरी त्यांची भुवई हलत नाही, आणि एक स्वल्पविराम चुकला तर छाती पिटतात. हम्फ्री खाली बसला, पण त्याचं बूड बाकावर स्वस्थ बसेना.

साक्षीला जहाजाचा आचारी आला, एक पिचक्या डोळ्यांचा खलाशी. त्याने शपथ घेतली आणि सरळ सांगून टाकलं. "मी पेज घेऊन उशाशीच होतो. रॉजर म्हणाला, कप्तान, पेटी माझ्या थॉमसिनला द्या. आणि लाकूड तासायच्या वाकसाला गंज चढू देऊ नका. भेटबिट काही म्हणाला नाही."

"मग त्याला पुरलं कुठे?" कॉबच्या वकिलाने त्याला गोंधळात पाडायला विचारलं. "एवढे जवळ होतात ना तुम्ही?"

"नदीकाठी, एका चर्चच्या मागे. चर्चचं नाव मला वाचता येत नाही. आता शोधायला गेलो तरी सापडायचं नाही."

मागच्या बाकावर थॉमसिनबाईंनी पदरासारखा टोपीचा काठ डोळ्यांवर ओढून घेतला. हम्फ्रीने ते पाहिलं आणि त्याला फार वाईट वाटलं. कॉब मात्र छताकडे बघत बसला होता, जणू छत त्यालाच भेट मिळणार होतं.

दुपारी बारा जणांना वरच्या खोलीत कोंडलं. निकाल एकमताने होईपर्यंत खायला नाही, प्यायला नाही, शेकोटी नाही, अशी कायद्याची रीत. दाराबाहेर बेलिफ बसला. तो या कामात इतका मुरलेला होता की आत जाण्याआधी त्याने प्रत्येकाचे खिसे चाचपले आणि हम्फ्रीच्या खिशातला कांद्याचा पॅटिस काढून स्वतः खाल्ला.

ज्यूरीचा पुढारी होता मॅथ्यू ड्रेप, कापडाचा व्यापारी. माणूस शहाणा आणि घाईतला. "यात बघायचं काय आहे?" तो म्हणाला. "आचारी खरं बोलतोय. पेटी बाईची. सगळ्यांना मान्य?"

अकरा माना हलल्या.

"हम्फ्री?"

"पेटी बाईचीच आहे," हम्फ्री म्हणाला. "कॉब लबाड आहे. हे मी कुठेही सांगेन."

"झालं तर मग. चला!"

"पण पेटी दिली बोर्दोला. कागदावर आहे बो पॅरिश. मी देवाची शपथ घेतलीय मॅथ्यू, खरा निकाल देईन म्हणून. शिवेचा माणूस मी. उद्या मला कुणी विचारलं, काय हो पास्क, तुमच्या पॅरिशमध्ये बोर्दो कुठे आहे, तर काय दाखवू? माझं दुकान?"

"कोण विचारणार आहे तुला!"

"मीच विचारेन."

यावर खोलीत जो गोंधळ झाला तो लिहिण्यात अर्थ नाही. कुणी त्याला आडमुठा म्हणालं, कुणी हात जोडले. एक सोनार तर म्हणाला, "हम्फ्री, बाबा, माझ्या पोटात कावळे कोकलताहेत, माझ्यासाठी तरी बोर्दो जवळ आण." हम्फ्री कुणावर रागावला नाही. भल्या माणसाचा हट्ट हा प्रकार अवघड असतो. लबाडाला धमकी देता येते, पैसा दाखवता येतो, पण अशा माणसाला काय दाखवणार?

शेवटी ड्रेपने बेलिफला सांगून न्यायाधीशांकडे निरोप धाडला, की एका सभासदाला बोर्दोचा पत्ता पटत नाही, तर तेवढं सोडून निकाल देता येईल का. उत्तर लगेच आलं. बो पॅरिश नसेल तर या कोर्टाचा या दाव्याशी काही संबंध उरत नाही. बाईंनी आरमाराच्या कोर्टात जावं. तिथे ज्यूरी नसते आणि दावा पहिल्यापासून मांडावा लागतो.

"ऐकलंस?" ड्रेप म्हणाला. "पुन्हा वकील, पुन्हा तारखा. तोवर दुकान राहतंय का त्यांचं? तू नाही म्हणालास की कॉब जिंकला. मग जा खाली आणि बाईंना स्वतः सांग, की बाई, तुमचं सगळं खरं आहे पण आमच्या शिवेत बसत नाही."

हम्फ्रीच्या तोंडचं पाणी पळालं. आपण कुणाच्या बाजूने उभे आहोत आणि घाव कुणावर घालतोय, हे त्याला आता कुठे दिसलं. पण शपथ तर घेतली होती. तिचं काय करायचं?

कोपऱ्यातून लॅम्बर्ट शिंपी बोलला. "हम्फ्री, लेंटच्या उपवासात, मांस बंद असताना, तुझ्याकडे मी काय खाल्लं रे?"

"माशाचे पॅटिस."

"त्या माशाला पंख होते."

"शिंपलीहंस तो!" हम्फ्री उसळला. "समुद्रातल्या ओंडक्याला शिंपल्या लागतात, त्यातून जन्मतो. पाण्यातून आला म्हणजे मासाच. खुद्द पाद्रीबाबांनी सांगितलंय."

"कधी?"

"दोन पॅटिस खाल्ल्यावर."

सगळे हसले. हम्फ्रीलाही हसू आलं असतं, पण त्याने ते आवरलं.

"खरं सांग," लॅम्बर्ट म्हणाला, "भाजताना तुला तो मासा वाटत होता?"

"अरे, चाळीस दिवस वाळक्या माशावर माणसांनी राबायचं कसं? सगळ्यांनाच माहीत असतं काय ते. कुणी फसत नाही त्यात."

"मग बोर्दोत कोण फसलंय? कॉब? तो तर तिथे जाऊन आलाय."

"ते पोटाचं होतं," हम्फ्री पुटपुटला. "हे शपथेचं आहे." आणि सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्यात त्याच्याच भट्टीचा वास वाऱ्यावर आला, संध्याकाळच्या घाण्याचा, जायफळ आणि मटणाचा. मागे अकरा जणांनी एकदमच उसासा टाकला.

खाली आवारात थॉमसिनबाई पायरीवर बसल्या होत्या. निकाल ऐकल्याशिवाय हलायचं नाही असा त्यांचा बेत दिसत होता. कॉब कधीच गुत्त्यात जाऊन बसला होता. एवढ्यात फाटकातून टोपली घेऊन ऑड्री आली. बेलिफ तिला जिन्यावर आडवा गेला असणार, कारण पुढचं सगळं तिने आवारात उभं राहून वरच्या खिडकीकडे तोंड करून म्हटलं.

"अहो! तुमच्यामुळे अडलंय म्हणे सगळं! अख्ख्या चीपसाइडला कळलंय! भट्टी मी एकटीने बघायची का?"

"ऑड्री, ज्यूरीशी बोलू नये," हम्फ्री वरून म्हणाला.

"मी ज्यूरीशी कुठे बोलतेय? नवऱ्याशी बोलतेय." असं म्हणून तिने पाठ वळवली. तिची नजर पायरीवरच्या बाईंकडे गेली. काही न विचारता ती त्यांच्या शेजारी बसली आणि टोपलीतला एक पॅटिस त्यांच्या हातात ठेवला.

थॉमसिनबाईंनी तो भराभरा खाल्ला. सकाळपासून पोटात काही नसावं. मग त्या उठल्या आणि आवारातल्या नळाकडे गेल्या. नळाचा रखवालदार बसल्या जागेवरून ओरडला, "ओ बाई! कुठल्या तुम्ही? हे पाणी बो पॅरिशच्या माणसांचं. बाहेरच्यांनी नदीवर जायचं."

थॉमसिनबाईंचा हात तिथेच थांबला.

"ती पॅरिशचीच आहे," ऑड्री म्हणाली.

रखवालदाराने बाईंच्या डांबर लागलेल्या झग्याकडे पाहिलं. अख्ख्या चीपसाइडमध्ये तसा झगा नव्हता. तो नदीकाठचाच. "पॅरिशची? कुठे राहते?"

"आमच्याकडे."

"कधीपासून?"

"मी म्हणतेय तेव्हापासून. पिऊ दे तिला, नाहीतर उद्यापासून उधारीचा पॅटिस बंद."

रखवालदार हसला. त्याला सगळं कळत होतं. ऑड्रीला माहीत होतं की त्याला कळतंय. त्याने फक्त मान दुसरीकडे फिरवली, आणि थॉमसिनबाई ओंजळीने पाणी प्यायल्या.

हम्फ्रीने खिडकीतून हे सगळं पाहिलं. मागे वळला तेव्हा त्याचा चेहरा असा काही झाला होता की सोनाराला वाटलं, भुकेने याला चक्कर येतेय.

"माझी बायको आत्ता खोटं बोलली," हम्फ्री म्हणाला.

"बरं मग?" ड्रेप म्हणाला.

"मला तिची लाज वाटली नाही. उलट..." तो अडखळला. बायकोचं कौतुक चारचौघांत करायची त्याला सवय नव्हती. "मॅथ्यू, मला एक सांग. हे लोक बो पॅरिशच का लिहितात? दुसरं काही का नाही?"

"कारण निकाल शेजाऱ्यांनी द्यायचा असतो. घडलं तिथल्या बारा शेजाऱ्यांनी. आता बोर्दोचे शेजारी इथे कोण आणणार? मग बाईंना न्याय द्यायला कुणीच नाही. म्हणून कोर्ट म्हणतं, ठीक आहे, ते इथेच घडलं असं धरा. म्हणजे आपण त्यांचे शेजारी झालो."

"आपण शेजारी," हम्फ्री म्हणाला.

"तेवढ्यासाठीच आहे ती ओळ."

"मग हे मघाशी का नाही सांगितलंस, गाढवा? तीन तास मला शीव शिकवतोयस! शेजारी म्हणायचं होतं तर सरळ शेजारी म्हणायचं!" हम्फ्रीने टोपी डोक्यावर दाबली. "दार ठोका. उठा, उठा. बाई बाहेर थंडीत बसल्यात."

कोर्ट पुन्हा भरलं. कॉब गुत्त्यातून तोंड पुसत आला. ड्रेपने निकाल सांगितला: पेटी थॉमसिन रडॉक यांची, कॉबने ती परत द्यावी. न्यायाधीशांनी मान हलवली आणि मग, माणूस गमत्या असावा, हम्फ्रीकडे पाहिलं.

"आणि बोर्दोचं काय ठरलं?"

हम्फ्री उभा राहिला. "आमच्याच पॅरिशमध्ये आहे, महाराज. मी शिवेचा माणूस आहे. मी सांगतो."

"उत्तम," न्यायाधीश म्हणाले. "फ्रान्सच्या राजाला हे कळवायची घाई करू नका."

हसण्याच्या गलक्यात कॉब निघून गेला. दुसऱ्या दिवशी पेटी वॉपिंगला पोचली. वाकसाला गंज चढलाच होता. थॉमसिनबाईंनी तो वाळूने घासून काढला आणि दुकान उघडलं.

गोष्ट इथे संपली असं हम्फ्रीला वाटलं होतं. पण ज्यूरीतल्या मंडळींचं पोट अजून भरलं नव्हतं.

स्वर्गारोहणाच्या दिवशी फेरी निघाली. बो चर्चच्या घंटा वाजत होत्या. हम्फ्री काठी घेऊन पुढे, नव्या जाकिटात. दगडामागून दगड झाले, पोरं आपटून झाली, आणि फेरी त्याच्या दुकानाच्या मागच्या भिंतीशी आली. इथे कुठलाच दगड नव्हता. तरी ड्रेप थांबला. शिंपी थांबला. सोनारही थांबला.

"चला की," हम्फ्री म्हणाला. "इथे काय आहे?"

"बोर्दो," ड्रेप म्हणाला.

गर्दीतून थॉमसिनबाई पुढे आल्या. त्यांच्या हातात पिंपाची एक ओकची फळी होती, खुंटीसारखी टोकदार केलेली. त्यांनी ती भिंतीच्या कडेला मातीत रोवली आणि हातोड्याने दोन ठोक्यांत आत घातली. बाईंचा हात खरोखर बसलेला होता. मग अकरा जण हम्फ्रीवर तुटून पडले.

"अरे, सोडा! मी म्हातारा माणूस! ऑड्री, बघत काय उभी आहेस?"

"मी पाय धरते," ऑड्री म्हणाली, आणि तिने खरंच पाय धरले.

हम्फ्री वर गेला आणि दणकन खाली आला. चाळीस वर्षांनी तो आवाज पुन्हा बो पॅरिशने ऐकला, आणि जुनी माणसं म्हणाली की अजून तसाच येतो.

"बोर्दो कुठे आहे?" सगळे ओरडले.

"इथे! इथे आहे! आई गं!"

लोक हसून हसून भिंतीला टेकले. पोरांना तर स्वर्गच मिळाला. हम्फ्री बूड चोळत उठला, आणि कुणाला तरी एक सणसणीत शिवी द्यावी म्हणून वळला, तेव्हा त्याला दिसलं की थॉमसिनबाई त्या खुंटीपाशी गुडघ्यावर बसल्या आहेत. त्यांनी झग्याच्या खिशातून मे महिन्यात फुलणारी पांढरी फुलं काढली, वाटेत कुठल्याशा कुंपणावरची असतील, आणि खुंटीशी ठेवली.

हसणं हळूहळू थांबलं.

"रॉजर बोर्दोला आहे," त्या हम्फ्रीला म्हणाल्या. "तिकडे मी कधी जाणार होते? गेले असते तरी जागा सापडली नसती." त्यांनी खुंटीवर हात ठेवला. "इथे मला चालत येता येईल. चालेल ना, शेजारी?"

हम्फ्रीने टोपी काढली. त्याला रडू येत होतं आणि बूडही दुखत होतं, आणि त्यातलं कुठलंच त्याला लपवता येईना.

"येत जा," तो म्हणाला. "पाणी आपलंच आहे. आणि येताना उपाशी या."

मग फेरी पुढे निघाली. पुढच्या वर्षीपासून पाद्रीबाबा त्या खुंटीपाशी थांबून एक प्रार्थना म्हणू लागले, आणि पास्कच्या दुकानामागे बोर्दो आहे यावर बो पॅरिशमध्ये पुन्हा कुणीही वाद घातला नाही.